पंचवीसची मर्यादा, पंचेचाळीसची हौस

नशिराबादहून जळगाव दहा किलोमीटरच्या आसपास आहे. ताशी 25 किलोमीटरने गेलात तर 24 मिनिटे लागतात, 45 ने गेलात तर साडेतेरा. वाचतात ती साडेदहा मिनिटे. एवढ्यासाठी कुणी नव्याकोऱ्या ई-सायकलीची नाहीतर ई-स्कूटरची वेग आवरणारी तार कापून घेईल का, असा प्रश्न पुण्यामुंबईच्या माणसाला पडेल. नशिराबादच्या माणसाला तो पडत नाही, कारण त्याला हा रस्ता ठाऊक आहे. सुरतहून धुळे, जळगाव, भुसावळ, अकोला करत नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53, म्हणजे पूर्वीचा सहा नंबरचा महामार्ग, इथूनच जातो. त्याचे चौपदरीकरण झाल्यापासून ट्रक आणि कंटेनर ऐंशीने धावतात. तुम्ही 25 ने चालला आहात आणि मागून कंटेनर 80 ने येतो आहे, तर दर सेकंदाला तुमच्यातले अंतर पंधरा मीटरने कमी होते. आरशात दिसला म्हणेपर्यंत तो शेजारी आलेला असतो.

म्हणून वेगाची मागणी खोटी नाही, हे आधीच सांगून टाकतो. वेगाचे ‘लॉक काढून द्या’ म्हणणारी सगळी पोरे उनाड आहेत असे मानून हा विषय सुटणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की मागणी खरी असली तरी तिच्यावर शोधलेला इलाज चुकीचा आहे, आणि त्या चुकीची मोठी जबाबदारी गाडी चालवणाऱ्यापेक्षा गाडी विकणाऱ्यावर आहे.

आधी कायदा पाहू, कारण दुकानात तो अर्धाच सांगितला जातो. मोटार वाहन कायद्याने 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाची, चारपेक्षा कमी चाकांची वाहने पूर्वीपासून ‘मोटार वाहन’ या व्याख्येबाहेर ठेवली होती. विजेवरची वाहने आली तेव्हा केंद्रीय मोटार वाहन नियमांत तशीच सवलत त्यांनाही मिळाली. मोटरची तीस मिनिटांची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी वगळून वजन 60 किलोपेक्षा जास्त नाही, योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. एवढ्या अटी पाळणारे दुचाकी वाहन मोटार वाहन धरले जात नाही. पॅडल मारताना मदत करणाऱ्या सायकलीसाठी आणखी एक अट आहे: वेग 25 च्या जवळ जाईल तशी मोटरची मदत कमी होत जावी आणि 25 ला ती बंद व्हावी. ही सवलत आपोआप मिळत नाही. अधिकृत चाचणी संस्थेने ते मॉडेल तपासून प्रमाणपत्र द्यावे लागते. अशी प्रमुख संस्था आपल्याच राज्यात आहे, पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय.

दुकानात मात्र अटी बाजूला पडतात आणि सवलतच तेवढी बोलली जाते. लायसन नको, पासिंग नको, विमा नको, पोराचे वय किती हे कुणी विचारणार नाही. ज्या घरात दहावी-बारावीचा मुलगा किंवा मुलगी रोज क्लासला जळगावला जाते, तिथे हे बोलणे लगेच पटते. एमआयडीसीत पाळीवर जाणारा कामगार, शाळेवर जाणाऱ्या बाई, सकाळी दूध घालणारा, शेताकडे चक्कर मारणारे साठीचे आबा, असे सगळे या गाडीचे गिऱ्हाईक आहेत. त्यांतल्या बहुतेकांना गावात 25 चा वेग पुरतो. अडचण येते ती महामार्गाला लागल्यावर.

आणि तिथेच दुसरा सौदा होतो. गाडी घेताना किंवा पहिल्या सर्व्हिसिंगला हलक्या आवाजात विचारले जाते: भाऊ, लॉक काढून देऊ का?

खानदेशात ज्यांना सरसकट ‘ई-बाईक’ म्हणतात त्यांत दोन वेगळ्या गाड्या आहेत. एक खरीखुरी सायकल: पॅडल, चेन, मागच्या किंवा पुढच्या चाकात हब मोटर, दांड्यावर किंवा कॅरिअरखाली बॅटरी. दुसरी दिसायला स्कूटर, पण कागदावर 250 वॅट आणि 25 चा वेग. रस्त्यावर दुसरीच जास्त दिसते. कायद्याच्या भाषेतली ‘तीस मिनिटांची शक्ती’ म्हणजे मोटर अर्धा तास न तापता सलग देऊ शकेल ती शक्ती, क्षणभर देऊ शकेल ती नव्हे. ज्या मोटरवर 250 ची पाटी आहे ती चढावर काही सेकंद त्याच्या दुप्पट-तिप्पट शक्ती काढू शकते. म्हणजे गाडीत वेगाची कुवत थोडीफार असतेच, तिला कंट्रोलरने आवरून धरलेले असते. लॉक काढणे म्हणजे हे आवरणे काढून टाकणे.

कंट्रोलर ही तळहाताएवढी ॲल्युमिनियमची डबी. चार स्क्रू काढले की आत हिरवी पाटी दिसते. कडेला एका रांगेत सहा काळे मॉसफेट असतात, त्यांची पाठ ॲल्युमिनियमला टेकवलेली, म्हणजे उष्णता बाहेर जावी. मध्ये नळकांड्यासारखे दोन-तीन कपॅसिटर, त्यांच्यावर बहुतेक वेळा 63 व्होल्ट छापलेले. आणि त्यांच्याजवळ जाड तारेची एक छोटीशी कमान. तिला शंट म्हणतात. बॅटरीतून येणारा सगळा करंट या कमानीतून जातो आणि तिच्या दोन टोकांत जो काही मिलिव्होल्टचा फरक पडतो त्यावरून कंट्रोलर ओळखतो की आता किती अँपिअर चालले आहेत आणि कुठे थांबायचे.

वेग वाढवायच्या सगळ्या युक्त्या या डबीभोवती फिरतात. सर्वांत सोपी म्हणजे डबीतून बाहेर आलेल्या तारांतली एक गोल फिरून परत आत गेलेली तार. पुष्कळ कंट्रोलरांत ती कापली की वेगाची मर्यादा उठते. काही सायकलींच्या डिस्प्लेवर बटणे दाबून आतल्या सेटिंगमध्ये जाता येते. तिथे मर्यादा बदलतात किंवा चाकाचा व्यास कमी सांगतात. चाक लहान आहे असे समजल्याने सायकल प्रत्यक्षात तीसने चालली तरी कंट्रोलरला ती चोवीसनेच चालल्यासारखी वाटते. तिसरी युक्ती शंटवर कथिलाचा डाग देण्याची. डाग दिला की तारेचा रोध घटतो, फरक कमी मिलिव्होल्टचा पडतो, आणि कंट्रोलर फसतो: प्रत्यक्षात वीस अँपिअर जात असताना तो पंधराच मोजतो. चौथी युक्ती सगळ्यांत दणकट आणि सगळ्यांत धोक्याची, बॅटरीचे व्होल्ट वाढवण्याची.

हब मोटरचा वेग व्होल्टशी बांधलेला असतो. चाक फिरू लागले की मोटर स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते. वेग वाढेल तसा तो वाढतो, आणि बॅटरीच्या व्होल्टच्या जवळ पोहोचला की वेग आणखी वाढत नाही. 36 व्होल्टवर 25 ने फिरणारे चाक 48 व्होल्टवर ढोबळमानाने 33 ने फिरेल. हे गणित मिस्त्रीला तोंडपाठ असते. त्याच्या गणितातून सुटतो तो कपॅसिटरवरचा आकडा. 48 व्होल्टचा लिथियम पॅक पूर्ण भरला की साडेचौपन्नच्या पुढे असतो. तोपर्यंत 63 चा कपॅसिटर तग धरतो. 60 व्होल्टचा पॅक पूर्ण भरला की 67 ते 71 च्या घरात जातो. मग कपॅसिटर फुगतो, मॉसफेट शॉर्ट होतो. मॉसफेट शॉर्ट झाला की नशीब बरे असेल तर गाडी बंद पडते. नसेल तर मोटर चालत्या गाडीतच जाम होते आणि चाक करकचून धरते.

जळगाव जिल्ह्यात मोटर वायंडिंगची दुकाने गावोगाव आहेत. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्याने त्यांना पिढ्यान्‌पिढ्या काम दिले. विहिरीवरची मोटर जळाली, आणली, रात्रीतून भरून दिली. त्याच हातांकडे आता हब मोटरी येतात, आणि ते हात कुशल आहेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. उलट, व्होल्टेज चुकला की मोटर कशी जळते हे त्यांच्याइतके कुणाला कळते? पंप जळला तर नुकसान पिकाचे होते. इथे मोटरवर माणूस बसलेला असतो.

आता वेगाची किंमत पाहू. सायकल आणि स्वार मिळून शंभर किलो धरा, स्वार ताठ बसलेला, वारा पडलेला, रस्ता सपाट. ताशी 25 च्या वेगाला हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण मिळून साधारण 170 वॅट लागतात. 45 ला लागतात पावणेआठशेच्या आसपास. वेग दुपटीहून कमी वाढला, शक्ती साडेचारपट लागली, कारण हवेचा विरोध कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे एका किलोमीटरमागची वीजही वाढते: 25 ला सुमारे सात वॅट-तास, 45 ला सतरा. 280 वॅट-तासांची बॅटरी, मोटर-कंट्रोलरमधली गळती धरून, पहिल्या वेगाने तेहेतीस किलोमीटर नेईल आणि दुसऱ्या वेगाने तेरा. म्हणजे नशिराबादहून जळगावला भुर्रकन पोहोचाल, पण परत येताना पॅडल मारावे लागेल. ज्याला ‘रेंज कमी झाली, बॅटरी खराब निघाली’ म्हणतात त्यातल्या कितीतरी तक्रारींचे मूळ बॅटरीत नसून या गणितात असते.

थांबण्याचे गणित यापेक्षा निर्दय आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो असे धरले आणि ब्रेक चांगले आहेत असे मानले, तर 25 वर गाडी साधारण तेरा मीटरांत थांबते, 45 वर बत्तीस मीटर लागतात. हे चांगल्या ब्रेकचे आकडे. सायकलीचे रबरी पॅड किंवा तारेवरचे डिस्क, बारीक टायर, सायकलीच्या मापाचा पुढचा फोर्क, हे सगळे 25 च्या हिशेबाने बसवलेले असते. 45 वर गाडीत साठलेली ऊर्जा सव्वातीनपट होते आणि ती सगळी त्याच पॅडांना जिरवायची असते. सायकलीच्या मागच्या चाकाची आणखी एक दुखरी जागा सांगतो. हब मोटरचा आस दोन बाजूंनी चपटा केलेला असतो आणि फ्रेमच्या खाचेत तो फक्त त्या चपट्या भागावर अडलेला असतो. करंट वाढवला की मोटर चाकाला पुढे ढकलते आणि स्वतःच्या आसाला मागे पिळते. खाच पातळ ॲल्युमिनियमची असेल तर ती रुंदावते, एक दिवस आस जागच्या जागी फिरतो, तारा पिळवटून तुटतात आणि चाक सुटते. चांगले कारागीर इथे टॉर्क आर्म, म्हणजे आसाला फिरू न देणारी पट्टी, लावतात. लॉक काढून देणाऱ्यांपैकी किती जण लावतात, हे गाडी उलटी करून कुणालाही पाहता येईल.

बॅटरीकडे तर आपल्या भागाने वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, हे कुणाला नव्याने सांगायला नको. लिथियम सेल चार्ज करण्याची सर्वसाधारण वरची मर्यादाही 45 अंशच असते. म्हणजे पत्र्याच्या शेडखाली दुपारी उभी असलेली गाडी चार्जिंगला लावली तर सेलला सुरुवातीपासूनच श्वास घ्यायला जागा नाही. त्यात वाढीव करंटने पळवून आणलेला, आतून तापलेला पॅक. मोटरमधल्या साध्या प्रतीच्या निओडिमियम चुंबकांची सोसण्याची हद्द 80 अंशांच्या आसपास. ती ओलांडली की चुंबक कायमचे कमजोर होतात आणि मग गाडी पूर्वीच्या वेगालाही जास्त वीज खाऊ लागते. गिअरवाल्या हब मोटरीत नायलॉनच्या चकत्या असतात, त्या वितळतात किंवा दात सोडतात.

सर्वांत वाईट प्रकार बीएमएस बायपास करण्याचा. बीएमएस म्हणजे बॅटरीच्या आतली संरक्षक पाटी. करंट हद्दीबाहेर गेला, एखादा सेल फार उतरला किंवा फार भरला की ती पुरवठा तोडते. लॉक काढल्यावर गाडी चढावर मध्येच बंद पडू लागते, कारण ही पाटी आपले काम करते. मग तिला बगल देऊन तार थेट जोडली जाते. गाडी पुन्हा बंद पडत नाही, हे खरे. पण त्यानंतर आग आणि माणूस यांच्यामध्ये काही उरत नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल जोडून घरी बांधलेल्या स्वस्त पॅकात हा धोका आणखी वाढतो, कारण दहा वेगवेगळ्या वयाचे सेल एका ओळीत उभे केले की सर्वांत दुबळा आधी मरतो आणि मरताना शेजाऱ्यालाही ओढतो.

2022 च्या उन्हाळ्यात पुण्यात लोहगावला रस्त्यावर उभ्या असलेल्या ई-स्कूटरने पेट घेतल्याचे चित्रण देशभर पाहिले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. गाड्यांत फेरफार केल्याची उदाहरणे म्हणून मी ही दोन नावे घेत नाही. कारखान्यातून आलेल्या बॅटरीच्या बाबतीतही घरातले चार्जिंग किती जपून करावे लागते, ते यावरून कळते. त्या वर्षीच्या आगींनंतर केंद्राने एआयएस-156 या मानकातल्या बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या आणि त्या डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू केल्या. गॅरेजात बांधलेला पॅक यातल्या एकाही कसोटीला बसलेला नसतो.

महाराष्ट्रात या फेरफारांची सरकारदरबारी ठळक दखल घेतली गेली ती मे 2022 मध्ये. तेव्हाचे परिवहन आयुक्त अविनाश ढाकणे यांनी राज्यातल्या आरटीओंना विशेष मोहीम घेण्याचे आदेश दिले. काही उत्पादक चाचणी संस्थेची मान्यता न घेताच गाड्या विकतात, आणि मान्यता असलेल्या गाड्यांतही बेकायदा बदल करून शक्ती 250 वॅटच्या आणि वेग 25 च्या पुढे नेला जातो, असे दोन आक्षेप त्यात होते. कारवाईच्या यादीत उत्पादक आणि विक्रेते आधी होते, हे मला महत्त्वाचे वाटते. मोहिमा येतात आणि जातात. त्यातही रस्त्यावर सापडतो तो चालवणारा, कारण तो समोर असतो. दुकानदार काउंटरमागे सुरक्षित राहतो.

आणि चालवणाऱ्यावर पडते ते ओझे लहान नाही. 25 ची मर्यादा उठली की त्या क्षणी गाडी कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन होते, तेही नोंदणी नसलेले. 2019 च्या दुरुस्तीनंतर नोंदणीशिवाय गाडी चालवण्याला पहिल्या वेळी 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे, लायसन नसण्याला 5,000, विमा नसण्याला 2,000 किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. परवानगी नसलेला बदल केल्याबद्दल कलम 182-अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात मालकाला फेरफार करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलेच आहे. चालवणारा अठराच्या आतला असेल तर कलम 199-अ पालकावर येते: 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. शिवाय त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. मुलाने स्वतःच्या खर्चाच्या पैशातून हजार-पाचशेत लॉक काढून घेतलेले असते आणि वडिलांना त्याचा पत्ताही नसतो.

दंडापेक्षा मोठी गोष्ट विम्याची आहे, आणि तिच्याविषयी दुकानात कुणी चकार शब्द काढत नाही. अशा गाडीने चौफुलीवर एखाद्या म्हाताऱ्याला उडवले आणि तो दगावला किंवा अपंग झाला, तर त्याचे घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. विमा असेल तर भरपाईचा भार कंपनी उचलते. नसेल तर तो मालकाच्या डोक्यावर येतो, म्हणजे बापाच्या शेतावर, घरावर. आणि ज्याला धडक बसली त्याच्या बाजूनेही पाहा: निकाल त्याच्या बाजूने लागला तरी समोरच्याकडून पैसे वसूल होतील याची खात्री नाही. यात फसलेले हे दुसरे कुटुंब.

या प्रश्नातून दुसरे देश आधी गेले आहेत. युरोपात पॅडलला मदत करणाऱ्या सायकलीला आपल्यासारखीच 250 वॅट आणि 25 किलोमीटरची मर्यादा आहे. पण तिच्यावर आणखी एक पायरी आहे: 45 पर्यंत जाणारी वेगवान ई-सायकल, तिला नंबर पाटी, विमा आणि हेल्मेट. ज्याला वेग हवा त्याने ती घ्यावी, ही सोय ठेवल्यावर मग फ्रान्सने लॉक काढण्याला एक वर्षापर्यंत कैद आणि 30,000 युरोपर्यंत दंड ठेवला. नेदरलँड्सचे पोलीस रोलर लावलेले यंत्र रस्त्यावर घेऊन उभे राहतात, चाक त्यावर फिरवतात आणि मोटर किती वेगाला थांबते ते जागेवर पाहतात. न्यूयॉर्कने निराळ्या टोकाने हात घातला. तिथे 2023 मध्ये लिथियम बॅटरीच्या आगींत अठरा माणसे गेली. त्या वर्षी सप्टेंबरपासून शहरात प्रमाणित नसलेल्या ई-सायकली आणि बॅटऱ्या विकण्यालाच बंदी आली.

आपल्याला सर्वांत जास्त शिकण्यासारखे आहे ते चीनकडून, कारण तिथली परिस्थिती आपल्या लहान शहरांशी जुळते. 1999 चे त्यांचे मानक ताशी 20 किलोमीटर आणि 40 किलो वजन सांगत होते. ते कागदावरच राहिले. कारखाने मोठ्या आणि वेगवान गाड्या काढत गेले, आणि लोक त्या घेत गेले. 2018 मध्ये मानक वास्तवाच्या जवळ आणले: 25 किलोमीटर, 55 किलो, 400 वॅट, 48 व्होल्ट, अंमल एप्रिल 2019 पासून. आणि 25 च्या गाडीलाही नंबर पाटी. तरीही दुकानात लॉक काढून देणे थांबले नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये नानजिंगला एका उंच इमारतीच्या तळमजल्यावर ठेवलेल्या ई-सायकलींपासून आग लागली आणि पंधरा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर आलेल्या सुधारित मानकात, ज्याचा अंमल 1 सप्टेंबर 2025 पासून आहे, कंट्रोलर, बॅटरी आणि मर्यादा यांच्यात बाहेरून फेरफार करता येऊ नये अशी रचना करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. वीस-पंचवीस वर्षे चालवणाऱ्याच्या मागे धावून झाल्यावर ते कारखान्याच्या दारात पोहोचले. आपण तेवढी वर्षे घालवायची गरज नाही. एक तार कापली की मर्यादा उठते असा कंट्रोलर ज्या गाडीत आहे, तिला 25 च्या सवलतीचे प्रमाणपत्रच मिळता कामा नये.

महाराष्ट्राला छोट्या गाडीचा इतिहास नवा नाही. पुण्याच्या कायनेटिकने 1972 मध्ये लूना आणली. 50 सीसीची, पॅडल असलेली, आजच्या ई-सायकलीची थोरली बहीणच. तिला नंबर लागत होता, लायसन लागत होते, तरीही ती घराघरांत गेली. दूधवाल्यांनी, शिक्षकांनी, बँकेतल्या कारकुनांनी ती पासिंग करूनच चालवली. कागदपत्रे मागितली की सामान्य माणूस गाडी घेणार नाही, हा आजचा युक्तिवाद लूनाने कधीच खोटा पाडला आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच घराण्याने ई-लूना आणली, ताशी 50 पर्यंत जाणारी, नोंदणी करून चालवायची. केळीचे घड, पशुखाद्याचे पोते, दुधाचे कॅन वाहणाऱ्याला असलीच गाडी लागते. 250 वॅटच्या गाडीकडून ते काम करवून घेणे गाडी आणि माणूस दोघांवरही अन्याय आहे.

ज्यांना डबी उघडून पाहायचीच आहे, त्यांच्याविषयीही लिहिले पाहिजे. पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंगची मुले जुन्या सायकलीला हब मोटरचा किट बसवतात, प्रकल्प म्हणून सादर करतात. ही आवड दाबू नये. शंट म्हणजे काय हे पुस्तकापेक्षा डाग देऊन जास्त कळते. त्यासाठी कॉलेजचे मैदान आहे, एसएई इंडियाच्या एफिसायकल आणि ई-बाहासारख्या स्पर्धा आहेत, जिथे ब्रेकची चाचणी पास झाल्याशिवाय गाडी धावपट्टीवर सोडत नाहीत. शिकायचे तिथे, महामार्गावर नाही.

राहिला रस्त्याचा प्रश्न, ज्याच्यापासून मी सुरुवात केली. चौपदरीकरण करताना महामार्गालगतच्या गावांना शेजारच्या शहरापर्यंत सलग सर्व्हिस रोड मिळायला हवा होता. जिथे तो मध्येच तुटतो तिथे सायकलवाला, बैलगाडी, पायी जाणारा आणि 25 ची ई-बाईक, सगळे कंटेनरच्या लेनमध्ये ढकलले जातात. नशिराबादला आता नगरपरिषद आहे. जळगावच्या दिशेने सलग, दिवे असलेला हळू वाहनांचा रस्ता ही तिची पहिल्या काही मागण्यांतली मागणी असावी. आणि केंद्राने 25 आणि पूर्ण स्कूटर यांच्यामध्ये युरोपसारखी 45 ची एक सोपी पायरी ठेवावी: नंबर, विमा, हेल्मेट, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी चाचणी घेऊन दिलेला परवाना. आरटीओने मोहीम घ्यायची तर चौफुलीवर नव्हे, दुकानात घ्यावी: शोरूममधली गाडी बाहेर काढून रोलरवर फिरवली की पाच मिनिटांत कळते.

गाडी घ्यायला निघालेल्यांना माझे सांगणे सरळ आहे. गावातल्या गावात फिरायचे असेल तर 25 ची गाडी उत्तम आहे, ती आहे तशीच ठेवा आणि चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या. दुकानदार आपणहून लॉक काढून देतो म्हणाला तर त्या दुकानातून गाडी घेऊ नका. जो एक अट मोडायला तयार आहे त्याने बॅटरीत काय घातले असेल याचा भरवसा नाही. आधीच लॉक काढलेली गाडी घरात असेल तर मूळ कंट्रोलर परत बसवून घ्या, आणि तोवर ती रात्री झोपायच्या खोलीत चार्जिंगला लावू नका. रोज महामार्गावरून जायचे असेल तर नोंदणी केलेली, हिरव्या नंबर पाटीची गाडी घ्या. विजेवरच्या गाडीचे नोंदणी शुल्क केंद्राने ऑगस्ट 2021 पासून माफ केले आहे, आणि तीन किलोवॉटपर्यंतच्या इलेक्ट्रिक दुचाकीच्या तृतीयपक्ष विम्याचा 2022 मध्ये ठरलेला दर वर्षाला 457 रुपये होता.